आमच्या पोरांचा निकाल कुठाय?

(वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी झालेल्या अभ्यासवर्गातलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. काही ठिकाणी सन आणि आकडे मागाहून नीट करून घेतले.)



मी वक्ता नाही. मास्तर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेवर वीस वर्षं खडू घासतोय. तुम्ही शहरातली पोरं, तुमच्या अंकात कविता पेटलेल्या असतात, वाचताना हात भाजतो. मला कविता येत नाही. मला फॉर्म भरता येतात. वीस वर्षांत इतके फॉर्म भरलेत की मी मेल्यावर लाकडं कमी पडली तर तेवढ्यात भागेल. म्हणून फॉर्माबद्दलच बोलतो. तुमच्या कार्यवाहांनी विषय भलताच भारी दिलाय, 'सरकारी पैशातलं शिक्षण-संशोधन आणि त्याचं आधुनिकीकरण'. नुसतं नाव ऐकून निम्मी पोरं चहाला गेली. जाऊ द्या. बसलेत त्यांनी ऐका, कारण ह्यात आपल्या वाड्यावस्तीतल्या शाळा जगणार का मरणार हा सवाल आहे.

12 नोव्हेंबर 2021. शुक्रवार होता. मार्च 2020 मध्ये कोरोनानं शाळांना कुलपं लागली, ती गावाकडं पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी उघडली 1 डिसेंबर 2021 ला. तारखा ध्यानात ठेवा. शाळा उघडायची डिसेंबरात, आणि दिल्लीहून हुकूम आला नोव्हेंबरात, की तिसरीच्या पोरांना बोलवा, परीक्षा आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. आम्ही वाड्यावर जाऊन पोरं गोळा केली. शाळेचा पट 17, तिसरीत सहा. त्यातली एक पोरगी. नाव सांगत नाही. मायबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ. शेवटची शाळेत आली होती तेव्हा पहिलीत होती. मधली दुसरी कोरोनानं खाल्ली. घरात मोबाईल नाही, म्हणजे तुमचं ते ऑनलाईन शिक्षण तिनं कानानंसुद्धा ऐकलेलं नाही. शाळा सुरू झाली असं तिला वाटलं. डोक्याला तेल चोपडून, धुतलेला फ्रॉक घालून आली. बाहेरून नेमलेल्या निरीक्षकानं पुस्तिका वाटल्या. पोरीनं पेन्शिल थुंकीनं ओली करून गोल काळे केले. दुपारी घरी जाताना विचारलं, "गुरुजी, निकाल कधी?"

मी म्हणालो, लागल. थापच मारली.

निकाल लागला 2022 च्या मे महिन्यात. 34 लाख विद्यार्थी, 1 लाख 18 हजार शाळा, 720 जिल्हे. जाडजूड अहवाल, रंगीत तक्ते, आमच्या जिल्ह्याचं सुद्धा एक प्रगतिपुस्तक. पण त्या पोरीचा निकाल नाही. आमच्या शाळेचाही नाही. त्याचं कारण लबाडी नाही, हे मी इमानानं सांगतो. ही नमुना पाहणी असते. शितावरून भाताची परीक्षा. देशाचा, राज्याचा, जिल्ह्याचा भात शिजला का ते बघायचं, एकेक शीत तपासायचं नाही. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण शीत म्हणून ज्याला चिमटीत धरून दाबलं त्याला काय मिळालं? तिला वाचता येतं का नाही, कुठं अडतंय, काय केलं म्हणजे सुटेल, यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत आलं नाही. मी तिचा मास्तर. मला नको तर कुणाला पायजे होतं ते?

आणि मग चार महिन्यांनी आलं काहीतरी. निकाल नव्हे, विचारणा. 2022 च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं माहिती मागवली, 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा कोणत्या? सुमारे 15 हजार शाळा निघाल्या राज्यात. त्यात आमची. वर्षभरानं, सप्टेंबर 2023 ला, 'समूह शाळा' असं गोंडस नाव घेऊन योजना आली. लहान शाळा मोठ्या शाळेत मिसळायच्या. त्याआधी 2017 च्या डिसेंबरात दहाच्या आतल्या पटाच्या सुमारे 1300 शाळा बंद करायचा हुकूम निघालाच होता. बघा म्हणजे. पोरगी शिकते का, हे विचारून गेलेला कागद परत येत नाही. शाळा परवडते का, हे विचारणारा कागद मात्र लगेच परत येतो, कुलूप घेऊन.

पुढची शाळा दोन किलोमीटरवर. मधे ओढा. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत पायजे म्हणतो. पट मोजणाऱ्यानं ओढा मोजला नाही. ओढ्याला रकाना नव्हता.

मोजायचं कसं हे सरकारला येत नाही असं नाही. चांगलं येतं. 2011 च्या ऑक्टोबरात 3, 4, 5 तारखेला महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली. तुमच्यातली काही पोरं तेव्हा शाळेत असतील, आठवत असेल. मतदानाला लावतात तशी शाई पोरांच्या बोटाला लावली, एकच पोरगं दोन शाळांत दाखवू नये म्हणून. वीस लाखांच्या आसपास नावं कागदावर सापडली, वर्गात नाही. खोटे पट लावून अनुदान लाटणारे संस्थाचालक उघडे पडले, ते बरंच झालं, त्यांच्यासाठी मी रडणार नाही. पण गैरहजर पोरांतलं खोटं किती, आणि शाळेला कंटाळून, हाकलून, कामाला जुंपून बाहेर पडलेलं खरं पोरगं किती? शाई लावायला तीन दिवस पुरले. हा दुसरा सवाल विचारायला किती दिवस लागले असते? चोर पकडायला मोजतात. शिकवायला मोजत नाहीत.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, मास्तर, मग ह्या संशोधन-बिंशोधनाच्या नादाला लागायचंच कशाला? पांढरपेशांचा धंदा तो. आपल्याला भाकर पायजे, नोकरी पायजे, आकडे घेऊन काय चाटायचे? मगाशी चहा पिताना एकानं हे मला तोंडावर सांगितलं. त्याचा राग मला कळतो. पण दोस्ता, तू ज्यांचं नाव घेतोस त्यांना हे मान्य नव्हतं. 1882 साली हंटर कमिशन आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं. त्याचा गाभा काय? सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामानं, आणि ती रिकामी होते वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. कुणाचा पैसा, कुणावर खर्च. हा संशोधनाचाच प्रश्न आहे, आणि तो विचारणारा माणूस स्वतः शाळा चालवलेला होता. बाबासाहेबांनी 1928 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनपुढं मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणावर निवेदन ठेवलं, त्यात सरकारचेच जुने आकडे सरकारच्या तोंडावर फेकले. त्याच वर्षी नेमलेल्या स्टार्ट समितीत ते सभासद होते. 1930 साली अहवाल दिला, त्यात वसतिगृहं मागितली, शिष्यवृत्त्या मागितल्या. आकडा हे हत्यार आहे. ते आपल्या हातातून गेलं म्हणून आपल्यावर चालतंय, एवढंच.

गेलं कसं? हे थोडं खोलात जाऊन बघू.

दिल्लीत 1961 साली एनसीईआरटी झाली. 1969 साली समाजशास्त्रांना पैसा देणारी परिषद झाली, आयसीएसएसआर. ह्या परिषदेच्या पैशातून सत्तरच्या दशकात एक मोठी पाहणी झाली. पंधरा राज्यांतल्या अनुसूचित जातींच्या हायस्कूल-कॉलेजातल्या विद्यार्थ्यांची. सुमा चिटणीसांचं त्यावरचं पुस्तक 1981 साली निघालं, 'अ लाँग वे टू गो'. सरकारी पैशातून आपल्या पोरांना थेट प्रश्न विचारले गेले, ही साधी गोष्ट नाही. पण पुस्तक इंग्रजीत. ज्या पोरांनी प्रश्नावल्या भरल्या त्यांच्या आईबापाला ते कुणी वाचून दाखवलं? माझ्या डी.एड.च्या वर्गात त्याचं नावसुद्धा निघालं नाही. तिथं आम्हाला शिकवलं की मागास विद्यार्थ्याची 'घरची पार्श्वभूमी' कमकुवत असते. घरी वातावरण नाही, पालक अशिक्षित, भाषा अशुद्ध. सगळा दोष पोराच्या झोपडीत. वर्गाच्या चार भिंतींत काय होतं, मास्तर कुणाला पुढं बसवतो, पाणी कुणाला आणायला लावतो, वही तपासताना नाव वाचून हात कसा चालतो, ह्यावर धडाच नाही.

हे तपासता येत नाही असं नाही. तपासलंय. 2004 साली जागतिक बँकेनं कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे ह्या दोन बायांचा निबंध काढला. उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या पोरांना कागदावरची भुलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्याला रोख पैसे. 321 पोरं सवर्ण, 321 दलित. जात न सांगता बसवलं तेव्हा दोघांत फरक नाही. मग तसंच बसवलं, पण आधी सगळ्यांपुढं प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात मोठ्यानं वाचली. दलित पोरांची कोडी धाडकन कमी सुटली. तशीच पोरं, तीच कोडी, तशीच 'घरची पार्श्वभूमी'. फक्त जात वाचली. आणि आम्ही मास्तर लोक दर वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना काय करतो? भर वर्गात पुकारतो, "एस.सी.ची पोरं उभी राहा." मी स्वतः केलंय हे. बारा वर्षं केलंय. कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा अभ्यास रेमा हॅना आणि ले लिंडन यांचा, 2012 साली छापून आला. उत्तरपत्रिकांवर चिठ्ठ्या टाकून जाती लिहिल्या, म्हणजे कुठल्याही पेपरावर कुठलीही जात, आणि शिक्षकांना तपासायला दिल्या. खालची जात लिहिलेल्या पेपराला गुण कमी पडले. फरक थोडा, पण पडला. तुम्ही म्हणाल, पडणारच, बामण मास्तर. थांबा. त्या अभ्यासात कमी गुण देणारे मुख्यतः निघाले खालच्या जातींतलेच तपासनीस. आता काय करता? मी हे वाचलं त्या रात्री माझ्याकडं होते तेवढे जुने पेपर काढून बसलो. काही बोलत नाही त्याबद्दल. पण हे आपल्या सभेत सांगितलं पायजे, म्हणून सांगितलं. जात आपल्या लाल पेनातसुद्धा शिरलेली असू शकते.

माझी तक्रार अशी, की हे दोन्ही अभ्यास आमच्या पोरांवर झाले, पण ते मला सरकारच्या कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितले नाहीत. तालुक्याला दहा-दहा दिवस बसवतात, खिचडी घालतात, पीपीटी दाखवतात. एक ओळ नाही. बाहेरून माणसं येऊन आपल्या वर्गाचं पोट फाडून दाखवतात, आणि ज्यांच्या पगारात 'संशोधन' हा शब्द आहे ते सत्कार समारंभात फेटे बांधत असतात.

सरकारनं स्वतः विचारलं असा एक दाखला मात्र आहे, शाळेचा नाही, कॉलेजचा. 2006 साली दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसं वागवतात हे बघायला समिती नेमली. अध्यक्ष आपले सुखदेव थोरात. समितीनं साधी गोष्ट केली. त्या विद्यार्थ्यांनाच विचारलं. 2007 च्या मे महिन्यात अहवाल आला. वसतिगृहात वेगळं पाडणं, शिकवताना आणि तोंडी परीक्षेत दुजाभाव, सगळं त्यात. संस्थेनं तो फेटाळला. पण एकदा छापलं ते छापलं. पुढं जे जे लढले त्यांनी तो अहवाल हातात घेऊन लढा दिला. माझं म्हणणं, पहिलीपासूनच्या शाळांसाठी असं कुणी का विचारत नाही? माझ्या हातून गेलेल्या फॉर्मांत जातीचा रकाना होता, संडास आहे का होतं, संगणक किती होतं. 'वर्गात तू कुठं बसतेस?' हा रकाना कधी आला नाही. जात कोण आहेस एवढ्यापुरती पायजे, काय भोगतेस ह्यासाठी नको.

आता जरा अमेरिकेत जाऊ. तिथल्या काळ्यांच्या लढ्याशी आपलं नातं नावापासून आहे, म्हणून तिथं काय झालं ते बघणं आलंच. 1964 च्या नागरी हक्क कायद्यातच कलम होतं की सरकारनं दोन वर्षांत पाहणी करून सांगावं, वंशामुळं शिक्षणाची संधी कुणाला नाकारली जाते? त्यातून 1966 चा कोलमन अहवाल आला. सुमारे सहा लाख विद्यार्थी, चार हजार शाळा. कायद्यानं हक्क दिला आणि तो मिळतो का हे मोजायची सक्तीही त्याच कायद्यानं केली. पुढं 1985 साली टेनेसी राज्यानं स्वतःचा पैसा घालून प्रयोग केला. 79 शाळा, अकरा हजारांवर पोरं. चिठ्ठ्या टाकून काहींना 13 ते 17 पोरांच्या वर्गात घातलं, काहींना 22 ते 25 च्या. लहान वर्गातली पोरं पुढं गेली, आणि काळ्या पोरांना फायदा जास्त झाला. मग राज्यानं गरीब जिल्ह्यांत वर्ग लहान केले. आधी उपाय करून पाहिला, चालला, मग लावला. ह्याला म्हणतात संशोधन.

13 ते 17. माझ्या शाळेचा पट 17. तिथं 17 हा उपाय, इथं 17 हा गुन्हा. आता प्रामाणिकपणे बोलायचं तर तिथल्या एका वर्गात 17 आणि माझ्याकडं चार इयत्तांत मिळून 17, ही बरोबरी सरळ होत नाही. म्हणूनच विचारतो, की महाराष्ट्रात 15 हजार शाळांवर कुऱ्हाड उगारण्याआधी एवढा तरी प्रयोग करायचा, की लहान शाळेत शिकलेली पोरं आणि मोठ्या शाळेत हलवलेली पोरं, ह्यांचं पुढं काय होतं? किती पोरी चौथीनंतर घरी बसल्या? असा प्रयोग करून, निकाल मास्तरांपुढं आणि पालकांपुढं ठेवून, मग ठरवलंय असं मला तरी कुठं दिसलं नाही.

अमेरिकेची आरती मात्र ओवाळू नका. तिथं 2002 साली कायदा करून शिक्षण-संशोधनाची वेगळी केंद्रीय संस्था उभी केली होती. 2025 च्या फेब्रुवारीत तिची कोट्यवधी डॉलरची कंत्राटं एका झटक्यात रद्द केली, मार्चमध्ये बहुतेक कर्मचारी काढून टाकले. त्या संस्थेत खोट होती, अहवाल शाळेपर्यंत पोचायला वर्षं लागायची, हे तिथले शिक्षकही म्हणायचे. पण दवाखान्यात औषध उशिरा मिळतं म्हणून कुणी दवाखाना पाडतं का? तिथं पाडला. आणि नंतर बोलायला लागले, नव्यानं उभारू, आधुनिक करू. तेव्हा 'आधुनिकीकरण' हा शब्द कानावर आला की आधी बघा, हातात विटा आहेत का घण आहे.

आपल्याकडं आधुनिक म्हणजे पडदा. पुण्यात विद्या समीक्षा केंद्र आहे, राज्यभरची माहिती त्यात जमा. हजेरी मोबाईलवरनं जाते. यूडायसमध्ये 2022-23 पासून एकेका पोराची नोंद होते, नावासकट, आधारसकट, जातीसकट. मी रात्री अकराला रेंज मिळायला टेकाडावर जाऊन ती भरलीय. माहिती वर चढते ती खाली उतरत नाही. विहिरीवरचा रहाट बघितलाय का? भरलेला पोहरा वर, रिकामा खाली. तो रहाट, आणि विहीर आम्ही. शिवाय एवढी माहिती जमल्यावर ती कुणाच्या हाती जाईल ह्याची धास्ती वेगळी. आकडा उघडा पायजे, पोराचं नाव झाकलेलं पायजे. आज उलट चाललंय. नाव सगळ्या बाबूंना दिसतं आणि शाळेतल्या दलित पोरांचं वाचन कुठवर आलं हा आकडा मला, मास्तरला, दिसत नाही.

मला विचाराल तर खरं आधुनिक करायचं साधन घरातच पडलंय. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात डाएट काढल्या. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. कागदावर त्यांचं एक काम संशोधन, तेही जिल्ह्यातल्याच शाळांच्या अडचणींवर. म्हणजे ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांचं काय करायचं हे बीडच्या डाएटनं शोधावं, दिल्लीची वाट बघू नये. हंगामी वसतिगृहात ठेवलेली पोरं टिकतात की कारखान्यावरच्या साखरशाळेतली, ह्याचं उत्तर तिथं दोन हंगामांत मिळेल. पण डाएटमध्ये पदं रिकामी, माणसं कारकुनीला जुंपलेली. आमच्याकडून 'कृती संशोधन' म्हणून दहा पानं लिहून घेतात, ती सुद्धा एकमेकांची उतरवलेली असतात. मीही उतरवलीत, लपवत नाही. वाचणारच कोणी नव्हतं तर खरं कशाला लिहायचं, असं वाटायचं.

तिथं पैसा मागा. तिथल्या संशोधनाचा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या बायाबापड्यांनी ठरवावा, असं मागा. पाहणी झाली की त्याच वर्षी निकाल मराठीत, शाळेत, पालकांसमोर वाचून दाखवावा, असं मागा. घोषणा म्हणून हे फार कडक वाटत नाही, मला माहीत आहे. मोर्चात ओरडायला जड जातं.

आणि तुमच्यासाठी काम आहे. तुमच्या वस्तीतली म्युनिसिपालटीची शाळा घ्या. प्रत्येक शाळेला यूडायसचा 11 आकडी नंबर असतो, आपल्या राज्याचा 27 नं सुरू होतो. तो टाकला की शाळेचं कार्ड निघतं, कुणालाही बघता येतं. खोल्या किती, मास्तर किती, संडास चालू का बंद. ते छापून घ्या आणि शाळेत जाऊन ताडून बघा. मग शाळा सुटल्यावर पोरांना त्यात नसलेलं विचारा. कुठं बसवतात, कुठलं पाणी पितोस, मास्तर नावानं हाक मारतात का आडनावानं. पोराचं नाव लिहू नका. शंभर पोरांचं असं जमलं की मला कळवा, तक्ता कसा करायचा ते मी येऊन दाखवतो, माझा रविवार मोकळा असतो. तुमच्या ह्याच अंकात छापा, कवितेच्या शेजारी.

त्या पोरीचं विचारायचं राहिलं असेल तुमच्या मनात. त्या परीक्षेच्या वेळी तिला जोडाक्षरं येत नव्हती. हे मला अहवालानं सांगितलं नाही, डिसेंबरात शाळा उघडल्यावर तिला जवळ बसवून पुस्तक हातात दिलं तेव्हा कळलं. चौथी संपायच्या आत ती वाचायला लागली. पुढच्या वर्गासाठी ओढ्यापलीकडच्या शाळेत नाव घातलं. पावसाळ्यात चार महिन्यांतले किती दिवस ती गैरहजर असते ते मी तिथल्या मास्तरांकडून लिहून आणतो. वहीत ठेवलंय. आमची शाळा अजून चालू आहे. परवा पुन्हा पट विचारणारा फॉर्म आलाय, उद्या सकाळी अकराच्या आत भरून द्यायचाय, तेव्हा शेवटची एस.टी. पकडली पायजे.